काउंट रम्फर्ड : बंदुकीच्या धक्क्याचे माप घेणारा शास्त्रज्ञ

बंदूक उडाली की गोळी पुढे जाते आणि दस्ता खांद्यावर आदळतो. हा अनुभव बंदुकीइतकाच जुना आहे. शिपायांनी आणि शिकाऱ्यांनी तो शतकानुशतके सोसला, त्याविषयी नाना समजुती बाळगल्या. दारू जोरकस असेल तर धक्का जबर, एवढे मानून बहुतेक जण स्वस्थ बसले. या धक्क्याकडे केवळ उपद्रव म्हणून न पाहता मोजण्याजोगी राशी म्हणून पाहणारे थोडे. त्या थोड्यांत बेंजामिन थॉम्पसन, म्हणजेच पुढे युरोपभर गाजलेला काउंट रम्फर्ड, याचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. उष्णता हा पदार्थ नसून ती एक प्रकारची गती आहे, हा विचार प्रयोगाच्या बळावर मांडणारा शास्त्रज्ञ म्हणून त्याची ख्याती आहे. मात्र त्या विचाराचे बीज बंदुकीच्या नळीवर केलेल्या प्रयोगांत पडले होते, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

त्याचे चरित्र सरळ नाही. शास्त्रज्ञ, सैनिक, हेर, प्रशासक, समाजसुधारक आणि दरबारी अशा अनेक भूमिका त्याने एकाच आयुष्यात वठवल्या, आणि त्या सगळ्याच उज्ज्वल होत्या असे म्हणता येत नाही.

वोबर्नचा मुलगा

थॉम्पसनचा जन्म २६ मार्च १७५३ रोजी मॅसॅच्युसेट्समधील वोबर्न या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. तो दोन वर्षांचाही झाला नव्हता तोच वडील वारले. आईने पुनर्विवाह केला. तेराव्या वर्षी त्याला सेलम येथील एका व्यापाऱ्याकडे उमेदवारीला ठेवण्यात आले. दुकानातील हिशेबात त्याचे मन रमले नाही. उपकरणे, आकृत्या आणि रसायने यांतच त्याचा जीव गुंतलेला असे. इंग्लंडने अमेरिकी वसाहतींवर लादलेला स्टँप कायदा १७६६ मध्ये मागे घेतला गेला, तेव्हा आनंदोत्सवासाठी आतषबाजी तयार करताना दारूचा भडका उडून हा मुलगा चांगलाच भाजला. दारूशी त्याची पहिली ओळख झाली ती अशी.

औपचारिक शिक्षण त्याला फारसे लाभले नाही. लोआमी बाल्डविन या मित्रासमवेत तो पायी केंब्रिजला जाई आणि हार्वर्डमधील जॉन विंथ्रॉप या प्राध्यापकाची भौतिकशास्त्रावरील व्याख्याने ऐके. हा बाल्डविन पुढे स्थापत्य अभियंता म्हणून नावाजला. थॉम्पसनने शिक्षकी पत्करली आणि न्यू हॅम्पशायरमधील कॉन्कर्ड या गावी तो गेला. या गावाचे आधीचे नाव रम्फर्ड. तेथे १७७२ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, सारा रोल्फ या आपल्याहून बऱ्याच मोठ्या आणि धनवान विधवेशी त्याने विवाह केला. या विवाहाने त्याला एका फटक्यात प्रतिष्ठितांच्या पंक्तीत नेऊन बसवले. गव्हर्नर जॉन वेंटवर्थच्या मर्जीमुळे तो मिलिशियात मेजर झाला. युद्धाचा कोणताही अनुभव नसलेल्या पोराला मेजर केल्याने जुने अधिकारी बिथरले, ते स्वाभाविकच होते.

वसाहतींत बंडाचे वारे वाहू लागले तेव्हा थॉम्पसनने राजाची बाजू घेतली. १७७४ च्या अखेरीस संतप्त जमाव त्याच्या घरावर चालून आला; तो निसटला, पण पत्नी आणि तान्ही मुलगी मागे राहिली. बॉस्टनमधील ब्रिटिश सेनापती गेज याच्यासाठी त्याने अदृश्य शाईने लिहिलेले एक गुप्त पत्र पुढे विसाव्या शतकात अभ्यासकांनी उजेडात आणले, तेव्हा त्याच्या हेरगिरीविषयी शंका उरली नाही. १७७६ मध्ये ब्रिटिशांनी बॉस्टन सोडले आणि थॉम्पसन लंडनला गेला. पत्नीची आणि त्याची पुन्हा भेट झाली नाही. ती १७९२ मध्ये वारली.

टांगलेली नळी

लंडनमध्ये वसाहतींचा कारभार पाहणारे मंत्री लॉर्ड जॉर्ज जर्मेन यांनी त्याला आश्रय दिला. त्यांच्या ससेक्समधील स्टोनलँड लॉज या वाड्यावर १७७८ च्या उन्हाळ्यात थॉम्पसनने बंदुकीच्या दारूवरील प्रयोगांना हात घातला.

या प्रयोगांचे महत्त्व कळण्यासाठी त्याच्या आधीच्या एका संशोधकाची ओळख करून घ्यावी लागते. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ मध्ये तोफविद्येची नवी तत्त्वे मांडणारा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. जड लाकडी फळी लंबकासारखी टांगायची, तिच्यावर गोळी झाडायची आणि फळी किती झोका घेते यावरून गोळीचा वेग काढायचा, ही त्याची युक्ती. गोळीचा वेग नेमका मोजण्याचे साधन माणसाच्या हाती प्रथमच आले होते. या रॉबिन्सचा शेवट हिंदुस्थानात झाला. ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता म्हणून तो १७५० मध्ये मद्रास किनाऱ्यावर उतरला आणि पुढल्याच वर्षी, २९ जुलै १७५१ रोजी, कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड किल्ल्यात तापाने वारला.

रॉबिन्सच्या सिद्धांतात एक गृहीत होते. गोळी जागची हलण्यापूर्वीच नळीतील सगळी दारू जळून तिचा वायू होतो, असे त्याने मानले होते. गणित सोपे करण्यासाठी हे गृहीत सोयीचे होते. थॉम्पसनला ते पटेना. दारूचा प्रत्येक कण बाहेरून आत जळत जातो आणि त्याला काही काळ लागतोच; तो काळ कितीही अल्प असला तरी गोळीही तेवढ्यात पुढे सरकत असते, असे त्याचे म्हणणे होते. दारू किती वेगाने जळते, हा प्रश्न अशा रीतीने बंदुकीच्या शास्त्रात ऐरणीवर आला.

थॉम्पसनने रॉबिन्सची युक्ती उलटी फिरवली. लक्ष्य टांगण्याऐवजी त्याने बंदुकीची नळीच आडवी टांगली. बार उडाला की नळी मागे झोका घेई आणि त्या झोक्याची लांबी मोजली जाई. आधी केवळ दारू भरून बार काढायचा, मग तेवढीच दारू आणि गोळी भरून. दोन्ही वेळच्या धक्क्यांतील फरक म्हणजे गोळीने नेलेला संवेग. त्याला गोळीच्या वजनाने भागले की तिचा वेग मिळतो. पुढे लंबकाचे लक्ष्य ठेवून त्याने ताळा पाहिला तेव्हा दोन्ही पद्धतींची उत्तरे बरीच जुळली. ज्याला शिपाई शिव्या घालीत, तो धक्का आता मापनाचे साधन झाला होता.

त्याने आणखीही बरेच तपासले. बत्ती देण्याचे छिद्र नळीच्या तळाशी असावे की थोडे पुढे, यावर त्या काळी कारागीर हिरीरीने वाद घालीत. त्याने फारसा फरक पडत नाही, असे थॉम्पसनला आढळले. दारूत निरनिराळी द्रव्ये मिसळून तिचा जोर वाढवण्याचे नुसखेही त्याने पारखले आणि ते बहुतेक फोल असल्याचे दाखवले. १७७९ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. त्याच वर्षी अॅडमिरल चार्ल्स हार्डी यांच्या आरमाराबरोबर व्हिक्टरी या युद्धनौकेवर राहून त्याने नाविक तोफांचेही निरीक्षण केले. हे सारे संशोधन १७८१ मध्ये सोसायटीच्या मुखपत्रात प्रसिद्ध झाले.

या प्रयोगांत एक विलक्षण गोष्ट त्याच्या ध्यानात आली. गोळी भरून बार काढला तर नळी जेवढी तापे, त्याहून ती नुसती दारू उडवल्यावर अधिक तापे. दारू तीच, तेवढीच. मग उष्णतेत फरक का? उष्णता हा कॅलॉरिक नावाचा अदृश्य प्रवाही पदार्थ आहे आणि दारू जळताना तो बाहेर पडतो, असे त्या काळचे बहुतेक विद्वान मानीत. तसे असते तर दोन्ही वेळा नळी सारखीच तापायला हवी होती. दारूच्या आघाताने धातूच्या अंतरंगात जी हालचाल होते तीच उष्णता, असा तर्क थॉम्पसनने लढवला. त्याचा खुलासा आज जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. वायूला गोळी ढकलण्याचे काम करावे लागले की त्याच्या उष्णतेचा काही भाग त्या कामी खर्च होतो, असे आजचे विज्ञान सांगते. तथापि उष्णतेचा संबंध पदार्थाशी नसून गतीशी आहे, ही दिशा त्याला येथेच गवसली.

आजच्या छर्ऱ्याच्या बंदुकीत

थॉम्पसनने उपस्थित केलेला जळण्याच्या वेगाचा प्रश्न आजही नेमबाजांच्या गप्पांत जिवंत आहे. विशेषतः छर्ऱ्याच्या बंदुकीने उडत्या तबकड्यांवर नेम धरणारे खेळाडू एका दिवसात शंभर-दीडशे बार सहज काढतात, त्यांच्यासाठी खांद्यावरचा धक्का ही मोठी चिंता. सावकाश जळणारी दारू वापरली तर धक्का सौम्य बसतो, असा एक दृढ समज आहे. त्यात तथ्य किती, हे थॉम्पसनच्याच पद्धतीने पाहता येते.

बारा बोअरच्या बंदुकीतून २८ ग्रॅम छर्रे सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाने सुटतात असे धरू. त्यांच्यासोबत दोनेक ग्रॅमची डाट जाते आणि सव्वा ग्रॅमच्या आसपास दारूचा वायू त्याहून कितीतरी अधिक वेगाने तोंडावाटे बाहेर पडतो. या सर्वांच्या संवेगाची बेरीज जेवढी, तेवढाच संवेग बंदूक उलट दिशेने घेते. सव्वातीन किलोची बंदूक त्यामुळे सेकंदाला साधारण चार मीटर वेगाने मागे येते आणि तिच्यात सुमारे २७ जूल ऊर्जा असते. छर्रे ३६ ग्रॅम केले आणि वेग तोच ठेवला, तर ही ऊर्जा ४५ जूलच्या घरात जाते. छर्ऱ्यांचे वजन सव्वापटीच्या थोडे वर गेले, पण धक्क्याची ऊर्जा दीडपटीहून अधिक झाली. उलट बंदूक जड असेल तर तोच संवेग अधिक वजनावर वाटला जातो आणि ऊर्जा घटते.

या बेरजेत जळण्याच्या वेगाला स्थान कुठे? दारू झटपट जळणारी असो वा सावकाश, छर्रे जर त्याच वेगाने बाहेर पडणार असतील तर त्यांचा संवेग बदलत नाही. बदलतो तो दारूचा भाग. सावकाश जळणारी दारू तोच वेग देण्यासाठी सहसा अधिक वजनाची लागते. एके ठिकाणी १.१ ग्रॅम पुरत असेल आणि दुसरीकडे १.५ ग्रॅम लागत असेल, तर जास्तीचे ०.४ ग्रॅमही वायू होऊन वेगाने बाहेर पडतात आणि बंदुकीच्या वाट्याला तीन-चार टक्के अधिक संवेग येतो. म्हणजे कागदावर पाहता सावकाश दारूचा एकूण धक्का कमी होत नाही, किंचित वाढतोच.

मग सौम्यपणाची जाणीव येते कोठून? सावकाश दारूत दाबाचे शिखर खाली राहते आणि दाब अधिक लांबीवर पसरतो. म्हणून बंदुकीला मिळणारी पहिली ठोकर कमी तीव्र असते. हे खरे आहे. परंतु छर्रे नळीत असतात ते जेमतेम तीन सहस्रांश सेकंद. तेवढ्या वेळात बंदूक एक सेंटिमीटरही मागे सरकत नाही. त्यानंतर खांद्याचे स्नायू आणि दस्त्यावरची रबरी गादी ती बंदूक थोपवतात, त्याला याच्या कित्येक पट वेळ लागतो. खांद्याला जाणवतो तो मुख्यतः हा दुसरा टप्पा. त्यामुळे दारूच्या जळण्यातला एखाद्या सहस्रांश सेकंदाचा फरक खांद्यापर्यंत पोचेतो बराचसा पुसून जातो. काही अनुभवी नेमबाज तो फरक ओळखता येतो असे ठामपणे सांगतात. बाराचा आवाज आणि बंदुकीच्या तोंडाची उसळीही या अनुभवात मिसळलेली असते. बंदुकीचे वजन, दस्ता अंगाला नीट बसणे, गादीची जात आणि वायूच्या जोरावर आपोआप भरणारी यंत्रणा यांनी पडणारा फरक मात्र सहज मोजता येतो.

खरा मोठा फरक दिसतो तो जुनी काळी दारू आणि आजची धूरविरहित दारू यांत. सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर वायू न होता घनरूपात उरतो. तिचे कार्य कमी, म्हणून ती अधिक घालावी लागते. बारा बोअरमध्ये तीन ड्रॅम, म्हणजे ५.३ ग्रॅम, हा जुना नेहमीचा बार. आजच्या दारूच्या तिप्पट-चौपट वजन नळीतून बाहेर फेकले जाते आणि एकूण धक्का वाढतो. तरीही काळ्या दारूचा धक्का टोचत नाही, ढकलतो, असे तो अनुभवलेले लोक सांगतात. अमेरिकेतील काडतुसांच्या खोक्यांवर आजही ड्रॅमचे हे जुने माप समतुल्य म्हणून छापलेले आढळते. दारू बदलून शतक उलटले, माप टिकून राहिले.

म्युनिकमधील दिवस

अमेरिकेतील युद्धाच्या शेवटच्या पर्वात थॉम्पसन स्वतःच उभारलेली घोडदळाची पलटण घेऊन तेथे गेला. लाँग आयलंडवरील हंटिंग्टन या गावी त्याच्या फौजेने दफनभूमीवर गढी बांधली आणि थडग्यांच्या शिळा भट्ट्यांसाठी वापरल्या. त्या भट्ट्यांत भाजलेल्या पावांवर मृतांची नावे उमटत, असे गावकरी पुढे अनेक वर्षे सांगत. लोकांच्या भावनांची पर्वा न करण्याचा हा स्वभाव त्याने आयुष्यभर सोडला नाही.

१७८४ मध्ये इंग्लंडच्या राजाने त्याला सर हा किताब दिला आणि तो बव्हेरियाच्या कार्ल थिओडोर या राज्यकर्त्याच्या सेवेत रुजू झाला. पुढची सुमारे चौदा वर्षे म्युनिकशी त्याचे नाते राहिले. सैन्याची त्याने पुनर्रचना केली. शिपायांना शाळा आणि भाजीपाल्याच्या बागा दिल्या. त्यांच्या गणवेशासाठी कोणते कापड ऊब टिकवते याचे पद्धतशीर प्रयोग केले. कापडाच्या धाग्यांत अडकून पडलेली हवा उष्णता रोखते, हे त्यातून निघाले. १ जानेवारी १७९० रोजी त्याच्या योजनेनुसार म्युनिकच्या रस्त्यांवरील भिकाऱ्यांना एकाच वेळी ताब्यात घेण्यात आले. त्यांना तुरुंगात न डांबता उद्योगगृहात नेऊन काम, ऊब आणि जेवण दिले गेले. तेथील बार्ली आणि वाटाण्याचे स्वस्त सूप रम्फर्ड सूप म्हणून युरोपभर पसरले. शहरातील इंग्लिश गार्डन हे विस्तीर्ण उद्यान १७८९ मध्ये त्याच्याच सूचनेवरून आखले गेले. आजही म्युनिककर तेथे फिरायला जातात.

या सेवेबद्दल त्याला पवित्र रोमन साम्राज्याचा काउंट करण्यात आले. पदवीसाठी नाव निवडायची वेळ आली तेव्हा त्याने रम्फर्ड हे नाव घेतले. ज्या गावातून रात्री पळ काढावा लागला, त्याच गावाचे जुने नाव त्याने आपल्या वैभवाला जोडले.

दारूचा नाद मात्र सुटला नव्हता. म्युनिकच्या शस्त्रागारात त्याने दारूचा दाब थेट मोजण्याचा धाडसी प्रयोग मांडला. एका लहानशा, जाड भिंतीच्या उभ्या नळीत थोडी दारू ठेवायची, तोंड झाकणाने बंद करून त्यावर आठ हजार पौंडांहून जड तोफ ठेवायची आणि नळीच्या तळाला तप्त लोखंड लावून दारू पेटवायची. वायूचा दाब ती तोफ उचलतो की नाही, हे पाहायचे. एका प्रयोगात नळीच फुटली. तिच्या लोखंडाच्या बळकटीवरून हिशेब मांडून त्याने दारूचा दाब वातावरणाच्या पन्नास हजार पटींहून अधिक ठरवला. हा आकडा फारच चढा होता. १८७५ मध्ये नोबल आणि एबल या ब्रिटिश संशोधकांनी बंद पात्रातील दारूचा कमाल दाब सुमारे ६,४०० वातावरणे इतका मोजला. आकडा चुकला तरी १७९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या लेखात, दारू क्षणार्धात संपूर्ण जळत नाही हा आपला मुद्दा रम्फर्डने अधिक आग्रहाने मांडला. पुढल्या शतकात अमेरिकेत रॉडमनने भोके पाडलेले दारूचे ठोकळे बनवून जळण्याचा वेग हवा तसा राखला आणि १८८४ मध्ये फ्रान्समध्ये व्हिएयने धूरविरहित दारू सिद्ध केली. या साऱ्यांच्या मुळाशी तोच मुद्दा होता.

त्याच शस्त्रागारात तोफांच्या नळ्या कोरण्याचे काम चाले. कोरताना पितळ कमालीचे तापते, हे तेथील प्रत्येक कामगाराला ठाऊक होते. रम्फर्डने बोथट हत्यार लावले, नळीभोवती पाण्याची पेटी बसवली आणि घोड्यांच्या बळावर यंत्र फिरवले. अडीच तासांत सुमारे साडेआठ किलो पाणी विस्तवाशिवाय उकळू लागले. भोवती जमलेले लोक चकित झाले. यंत्र फिरत राहील तोवर उष्णता निघतच राहते, तिचा साठा कधी संपत नाही. जी वस्तू अशी अमर्याद निघू शकते ती पदार्थ असू शकत नाही, असा निष्कर्ष त्याने १७९८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे ठेवला. वीस वर्षांपूर्वी टांगलेल्या नळीपाशी सुचलेला तर्क येथे पूर्णत्वाला गेला. कॅलॉरिकचा सिद्धांत त्याने तत्काळ कोसळला नाही. त्यासाठी आणखी अर्धशतक आणि जूलचे काटेकोर मोजमाप लागले. परंतु त्या भिंतीला पहिली मोठी चीर रम्फर्डने पाडली.

अखेरची वर्षे

लंडनला परतल्यावर १७९९ मध्ये जोसेफ बँक्स आदींच्या साहाय्याने त्याने रॉयल इन्स्टिट्यूशनची स्थापना केली. विज्ञानाचा लाभ सामान्यांच्या जगण्याला मिळावा, हा त्यामागचा हेतू. हम्फ्री डेव्ही या तरुणाला तेथे आणले ते रम्फर्डनेच, आणि पुढे डेव्हीने मायकेल फॅरडेला आणले. घरातील धुरकट शेकोट्यांची रचना बदलून त्याने इंधनाची मोठी बचत साधली. त्याच्या पद्धतीची शेकोटी श्रीमंतांच्या घरांत प्रतिष्ठेची खूण ठरली. या शोधांतून पैसा मिळवण्यासाठी त्याने एकस्व घेतले नाही.

संस्था उभारणे त्याला जमले; माणसे सांभाळणे नाही. व्यवस्थापकांशी खटके उडाले आणि तो पॅरिसला गेला. तेथे त्याने मारी-अॅन लाव्हाझिए हिच्याशी विवाह केला. तिचा पहिला पती आंत्वान लाव्हाझिए हा आधुनिक रसायनशास्त्राचा जनक. तो फ्रान्सच्या सरकारी दारूखात्याचा प्रमुखही होता, आणि त्याने सुधारलेली फ्रेंच दारूच अमेरिकी बंडखोरांनी रम्फर्डच्या बाजूच्या सैन्याविरुद्ध वापरली होती. राज्यक्रांतीत लाव्हाझिएचा शिरच्छेद झाला. कॅलॉरिक हे नाव रूढ करणाऱ्याची विधवा आणि कॅलॉरिकवर आघात करणारा शास्त्रज्ञ यांचा हा संसार फार काळ टिकला नाही. तिला मेजवान्या आणि पाहुणे प्रिय, त्याला शांतता आणि बाग. एकदा त्याने फाटकाला कुलूप लावून पाहुण्यांना बाहेर ठेवले, तेव्हा तिने त्याच्या फुलझाडांवर उकळते पाणी ओतले. अखेर दोघे विभक्त झाले.

अमेरिकेत सोडून आलेली मुलगी सारा १७९६ मध्ये वडिलांना भेटायला लंडनला आली तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. वडिलांना ती प्रथमच जाणत्या वयात पाहत होती. त्यानंतर ती अधूनमधून त्याच्याजवळ राहिली. पॅरिसजवळच्या ओतय येथे रम्फर्डने अखेरची वर्षे काढली. पांढरे कपडे उष्णता कमी गमावतात, या आपल्या मताला अनुसरून तो भर हिवाळ्यात पांढऱ्या पोशाखात हिंडे. पॅरिसकरांना ते पाहून हसू येई. २१ ऑगस्ट १८१४ रोजी त्याचे निधन झाले. ज्या देशाविरुद्ध त्याने हेरगिरी केली, त्या देशातील हार्वर्ड विद्यापीठाला त्याने अध्यासनासाठी देणगी ठेवली होती. मुलगी कॉन्कर्डला परतली आणि १८५२ मध्ये वारली.

त्याच्यावर मृत्युलेख वाचताना फ्रेंच शास्त्रज्ञ क्यूव्हिए यांनी सूचित केले होते की, या माणसाने मानवजातीवर उपकार केले, पण माणसांवर त्याचे प्रेम होते असे म्हणवत नाही. हा अभिप्राय कठोर असला तरी अन्यायकारक नाही. गरिबांना ऊब मिळावी म्हणून झटणाऱ्या या माणसाच्या घरात स्वतःची चूल कधी नीट पेटली नाही. तथापि ज्या गोष्टीला सारे जण सवयीने सोसतात तिचे माप घ्यावे, समजुतीवर विसंबू नये आणि आकड्यांनी अनपेक्षित काही सांगितले तर तेथेच थांबून विचार करावा, ही त्याची रीत विज्ञानाला कायमची मिळाली. खांद्यावरचा धक्का दारूच्या वेगामुळे की वजनामुळे, हा वाद आजही सुटतो तो त्याच रीतीने. बंदूक टांगावी, बार काढावा आणि झोका मोजावा.